अर्धं चर्च गावाचं

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या खेड्यातलं चर्च आतून पाहिलं तर त्याचे सरळ दोन भाग पडलेले दिसतात. पूर्वेला वेदी असलेला चॅन्सेल आणि पश्चिमेला लोकांनी बसायचा नेव्ह. आपल्याकडचा गाभारा आणि सभामंडप म्हणा ना. मधे एक कमान, जमिनीला एखाद्या पायरीचा चढ, कुठे कोरीव लाकडी पडदा. प्रवासी त्या कमानीचे फोटो काढतात. गावाच्या लेखी मात्र ती खर्चाची हद्द होती. चॅन्सेलचं छप्पर गळलं तर दुरुस्त करायचं गावच्या पाद्र्यानं, म्हणजे रेक्टरनं, कारण गावच्या पिकाचा दहावा हिस्सा त्याच्या कोठारात जायचा. नेव्हचं छप्पर गळलं तर भुर्दंड गावाला. मध्ययुगातच हा रिवाज पक्का झाला होता.

ज्याच्या खिशातून पैसा जातो तो हक्कही सांगतो. नेव्ह गावानं बांधला, गावानं सांभाळला आणि गावानं वापरलाही. तेव्हा आजच्यासारखी जमिनीला ठोकलेली बाकं सगळीकडे नव्हती. त्या मोकळ्या जागेत किंवा बाहेरच्या आवारात बैठका होत, व्यवहार ठरत, जेवणावळी उठत. ‘चर्च एल’ नावाचा प्रकार तर फारच लोकप्रिय होता. चर्चवॉर्डन, म्हणजे गावानं निवडलेले चर्चचे कारभारी, बिअर गाळून घेत आणि सणाच्या दिवशी गावाला विकत. गाव मनसोक्त पिई आणि नफ्यातून छपराचं शिसं येई. खेड्यातली चर्चं ओस पडत चालली आहेत अशी हळहळ हल्ली नेहमी कानावर येते. पण ही वास्तू एकट्या देवाची कधीच नव्हती, हे लक्षात घेतलं की तिच्या आजच्या अवस्थेकडेही वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

डेव्हनमधल्या मोरबॅथ या खेड्याचं उदाहरण घ्या. सोळाव्या शतकात इथे जेमतेम ३३ कुटुंबं होती. १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षं सर ख्रिस्टोफर ट्रिकी हा एकच पाद्री तिथे होता आणि गावचे जमाखर्च त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवले. इतिहासकार इमन डफी यांनी त्या वहीवर २००१ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा हे आडबाजूचं गाव जगाला ठाऊक झालं. वहीत काय आहे? मेंढ्या! गावातल्या वेगवेगळ्या संतांच्या नावे, तरुण मुलांच्या आणि मुलींच्या मंडळांच्या नावे मेंढ्या असत आणि त्या घरोघरी सांभाळायला दिलेल्या असत. लोकर विकली की पैसा त्या त्या संताच्या खात्यावर जमा. कुणाची मेंढी मेली, कुणाकडे येणं बाकी आहे, हे सगळं गावासमोर वाचून दाखवलं जाई. अंत्यविधीच्या प्रार्थनेसाठी काळा झगा हवा म्हणून ट्रिकीनं वीसेक वर्षं पै-पै साठवली. झगा शिवून आला आणि थोड्याच काळात नव्या प्रोटेस्टंट राजवटीनं तसल्या विधींवरच बंदी घातली. संतांची खाती बुडाली, त्यांच्या मेंढ्याही गेल्या. १५४९ मध्ये या धार्मिक बदलांविरुद्ध पश्चिमेकडे बंड पेटलं तेव्हा या एवढ्याशा गावानं पाच तरुण एक्झेटरजवळच्या बंडखोरांच्या तळावर धाडले आणि त्यांचा खर्च गावच्या पैशातून केला. तीही नोंद त्याच वहीत आहे.

राजसत्तेनं एका हातानं संत काढून घेतले आणि दुसऱ्या हातानं कामं लादली. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावानं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत सामान्य इंग्रज माणसाच्या आयुष्याचा कागदोपत्री पुरावा म्हणजे हीच नोंदवही. १६०१ च्या कायद्यानं गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली. कर बसवायचा, विधवेला सरपण द्यायचं, अनाथ मुलाला कामाला लावायचं आणि परगावचा भिकारी आपल्या हद्दीत मरणार नाही याची काळजीही घ्यायची. चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे झगे ठेवायच्या खोलीत, गावकरी जमायचे. म्हणून त्या सभेचं नावच व्हेस्ट्री पडलं. १८९४ मध्ये निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल अस्तित्वात आल्या तेव्हा गावकीचा कारभार चर्चपासून वेगळा झाला. तोवर ग्रामपंचायत म्हणावी तर व्हेस्ट्रीच होती.

ही व्यवस्था किती खोल रुजली होती ते डर्बीशरमधल्या ईम गावानं दाखवून दिलं. १६६५ च्या सप्टेंबरात, लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून तिथे प्लेग शिरला असं मानलं जातं. गावचा रेक्टर विल्यम मॉम्पेसन तरुण आणि नवखा होता. लोकांचा विश्वास होता तो थॉमस स्टॅन्ली या आधीच्या प्युरिटन पाद्र्यावर. स्टॅन्लीनं राजाच्या नव्या प्रार्थनापद्धतीला मान डोलावली नाही म्हणून त्याचं पद गेलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे एकत्र आले आणि १६६६ च्या जूनमध्ये त्यांनी गावाला गाव न सोडण्यासाठी राजी केलं. चर्चला कुलूप लागलं, प्रार्थना ककलेट डेल्फ या उघड्या घळीत होऊ लागली. शेजारची गावं हद्दीवरच्या दगडापाशी अन्न ठेवून जात. दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी टाकली जात. सुमारे २६० माणसं दगावली, त्यात मॉम्पेसनची बायको कॅथरिनही होती. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत प्रार्थना होते. गावाचं संग्रहालय मात्र एका जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे.

आता या चॅपलबद्दल. चर्च गावाचं असलं तरी गावात सगळे सारखे नव्हते. पुढची बाकं जमीनदाराच्या कुटुंबाची, मागची शेतमजुरांची. अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या अनुयायांनी मेथडिस्ट चॅपलं उभारायला सुरुवात केली तेव्हा मजुरांना स्वतःची जागा मिळाली. साधी विटांची इमारत, पण व्यासपीठावर आपल्यातलाच माणूस. डोर्सेटमधल्या टॉलपडलचा जॉर्ज लव्हलेस असाच उपदेशक होता. मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून सातवर आली आणि सहावर जायची चिन्हं दिसू लागली, तेव्हा त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी संघटना काढली. मजुरी वाढवून देण्याचं मालकांनी आधी कबूल केलं होतं आणि गावचा व्हिकर, म्हणजे पाद्री, त्याला साक्षी होता, पण वेळ आल्यावर त्यानं कानांवर हात ठेवले, असं लव्हलेसनं लिहून ठेवलं आहे. बेकायदा शपथ दिल्याच्या आरोपावरून १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. देशभर गदारोळ उठला आणि दोन वर्षांत माफी जाहीर झाली. त्या सहांपैकी जेम्स हॅमेट तेवढा कायमचा गावी परतला. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला जागा मिळाली ती टॉलपडलच्या त्याच चर्चच्या आवारात. पॅरिशमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला, श्रद्धा कोणतीही असो, आवारात जागा शिल्लक असेल तोवर तिथे दफनाचा हक्क असतो. हा कायदा आजही लागू आहे.

व्हिक्टोरियन काळात पाद्र्यांनी नेव्हवरही ताबा मिळवला. सज्जात बसून व्हायोलिन आणि चेलो वाजवणारी गावची वाद्यमंडळी निघाली, त्यांच्या जागी ऑर्गन आला. टॉमस हार्डीचे आजोबा आणि वडील स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये असेच वाजवत. हार्डीनं १८७२ च्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत या हकालपट्टीचीच गोष्ट सांगितली आहे. बाकं सरळ रांगांत आली, बिअर केव्हाच हद्दपार झाली होती. गावाच्या हाती राहिला तो मनोरा.

मनोऱ्यातली घंटा वाजवणं हे इंग्लंडमध्ये स्वतंत्र शास्त्र आहे. इथे घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते. आधी झोके देत देत ती पूर्ण उलटी, तोंड आभाळाकडे करून, तोलून धरायची. मग दोर ओढला की ती जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा उलटी उभी राहते आणि त्या एका फेरीत एकदा वाजते. दोराला लोकरीची जाड, रंगीत मूठ असते, तिला सॅली म्हणतात. शेकडो किलोंची घंटा वरच्या टोकाला क्षणभर तोलावर असते; ती किंचित लवकर किंवा किंचित उशिरा खाली घेणं एवढंच वाजवणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे सूर आळवणं शक्य नाही. फार तर शेजारच्या घंटेशी जागेची अदलाबदल करता येते. या मर्यादेतूनच सतराव्या शतकात नवा खेळ निघाला: दर फेरीला क्रम बदलायचा आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०. तेवढे वाजवायला तीनेक तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम सलग वाजवायला १९६३ मध्ये लफबरोच्या घंटा-ओतशाळेत १७ तास ५८ मिनिटं लागली. समोर कागद नसतो, सगळं मुखोद्गत. फेबियन स्टेडमन या मुद्रकानं १६७७ मध्ये ‘कँपनॅलॉजिया’ हे या विद्येवरचं पुस्तक काढलं आणि त्याच्या नावाची पद्धत अजून वाजते.

पूर्वीचे घंटावादक बिअरचा खास मोठा चंबू मनोऱ्यातच ठेवत आणि प्रार्थना सुरू व्हायच्या वेळी जिना उतरून पसार होत. आजही मनोऱ्यातल्या सगळ्यांचा देवावर विश्वास असतो असं नाही. शेतकरी, शिक्षिका, शाळकरी मुलगी आणि निवृत्त अभियंता आठवड्यातल्या एका संध्याकाळी तिथे भेटतात आणि सराव संपला की पबमध्ये जातात. १९४० च्या जूनमध्ये सरकारनं देशभरातल्या घंटा बंद केल्या. जर्मन सैन्य उतरलं तरच त्या वाजायच्या होत्या. अल अलामेनच्या विजयानंतर, नोव्हेंबर १९४२ मध्ये, त्या एका रविवारी पुन्हा वाजल्या.

हाच नाद पुण्यापर्यंतही पोचला आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या चर्चच्या स्वतंत्र मनोऱ्यात इंग्लिश पद्धतीच्या आठ घंटा आहेत, लफबरोच्या जॉन टेलर यांच्या ओतशाळेतल्या. हेच ते मिशन, जिथला चहा १८९० मध्ये टिळक-रानड्यांना भोवला. तिथे काम करणाऱ्या वाँटेजच्या जोगिणींमुळेच पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज या लहानशा गावच्या पॅरिश चर्चमध्ये त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

आता हिशेबाकडे येऊ. चर्च ऑफ इंग्लंडच्या सोळा हजारांच्या आसपास वास्तू आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक खेड्यांत, पण तिथे देशाची पाचवा हिस्साही लोकसंख्या राहत नाही. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंपैकी जवळजवळ निम्म्या ही चर्चंच आहेत. राजा या धर्मसंस्थेचा प्रमुख असला तरी सरकार त्यांच्या देखभालीचा नियमित खर्च उचलत नाही. चर्चसाठी सक्तीचा कर १८६८ मध्येच संपला. एका व्हिकरकडे सहा-आठ, कधी त्याहून अधिक गावं असतात. त्यामुळे महिन्यातून एकदा प्रार्थना झाली तरी पुष्कळ. १९९४ पासून स्त्रिया पाद्री होऊ लागल्या नसत्या तर तेवढंही जमलं नसतं. बाकीचे दिवस चर्च दोन चर्चवॉर्डनांच्या भरवशावर. पन्हाळीतला पाला काढणं, दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी, छपराचं शिसं चोरीला गेलं तर पोलिसांत तक्रार, वटवाघळांनी घाण केली तरी कायद्यानं त्यांना हात लावायचा नाही, साधं बाक हलवायचं तरी धर्मप्रांताची लेखी परवानगी. प्रवेशद्वाराशी एक तक्ता लावलेला असतो: या आठवड्याची फुलं कोणाची, पितळ कोण घासणार, गवत कोण कापणार. त्यातली निम्मी नावं रविवारी बाकावर दिसत नाहीत.

चॅन्सेलचा जुना रिवाजही मेलेला नव्हता. पुष्कळ गावांत रेक्टरचे हक्क मठांकडे होते. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले तेव्हा त्यांच्या जमिनी खासगी लोकांनी घेतल्या, आणि जमिनीबरोबर चॅन्सेलच्या दुरुस्तीचं देणंही गळ्यात पडलं. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलोच्या चर्चनं अशाच एका शेताच्या मालकांकडे दुरुस्तीचा खर्च मागितला. खटला २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, मालक हरले. दुरुस्तीचे सुमारे १ लाख ८७ हजार पौंड आणि वर कोर्टाचा खर्च, यासाठी शेवटी त्यांना शेत विकावं लागलं. कायदा चर्चच्या बाजूनं होता, पण अशा निकालानं गावात सलोखा वाढत नाही.

दुसरा रस्ता हेरफर्डशरमधल्या यारपोलनं धरला. गावचं दुकान बंद पडायच्या बेतात होतं, चर्चला माणसं हवी होती. २००९ पासून सेंट लिओनार्ड चर्चच्या नेव्हमध्ये गावानं चालवलेलं दुकान आणि टपाल कचेरी आहे, शिवाय कॉफी. पूर्वेला वेदी जागच्या जागी. पावित्र्य गेलं म्हणून कुणी नाकं मुरडतील. पण मोरबॅथच्या ट्रिकीला यात वावगं वाटलं नसतं. लोकरीच्या पैशावर चर्च चालवणाऱ्यानं ब्रेड-दुधाच्या पैशाला का नाही म्हणावं? गाव करील ते राव काय करील, हे त्याच्या वहीच्या पानोपानी दिसतं.

हे सगळीकडे जमणार नाही. सुट्टीपुरती घरं घेणारे शहरी लोक जिथे जास्त, तिथे दुकानालाही गिऱ्हाईक मिळत नाही आणि चर्चलाही. ज्यांना कुणीच उरलं नाही अशा साडेतीनशेहून अधिक चर्चची काळजी चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट घेतो. पण बहुतेक गावांत निर्णय अजून गावाच्याच हातात आहे. चर्चवॉर्डन निवडायच्या वार्षिक सभेत पॅरिशच्या मतदार यादीतला कोणीही मत देऊ शकतो. नास्तिकही, मुसलमानही, कालच राहायला आलेला लंडनकरही, नाव यादीत चढलं असलं की झालं. मत द्यायला फारसं कोणी येत नाही आणि वॉर्डन व्हायला तर पुढेच होत नाही. इंग्लंडच्या खेड्यातलं चर्च वाचायचं असेल तर आधी ही सभा भरावी लागेल.