पडत्या बाजूला हँडल

सायकल आली तीच हसू घेऊन. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचे लाकडी वाहन केले. त्याला पॅडल नव्हते. वर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटायची. म्हणजे वाहन घेऊनही चालायचे आपणच! १८६० नंतर फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पॅडल लागले, पण चाकांना लोखंडी धाव असल्याने इंग्रजांनी त्या सायकलीला ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे नाव ठेवले. पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक आले. त्यावरून पडणारा डोक्यावरच पडे.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या दोन चाकांची, मागे साखळी असलेली सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ते जनावरांचे डॉक्टर. हाडांवरचा हा उतारा वैद्यकातल्या माणसाने काढला, याचा मला अभिमान आहे.

त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान थाटले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढचे नांगर आणि कारखाने ही त्यानंतरची गोष्ट. सायकलीबरोबर धीरही द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

कारण तोल सांभाळण्याचा नियम उफराटा आहे. ज्या बाजूला पडतो, त्याच बाजूला हँडल वळवावे लागते. मग चाके शरीराखाली येतात आणि आपण सावरतो. नवशिका भीतीने उलट वळवतो आणि आपटतो.

आमच्या लहानपणी सिल्वासात सायकल तासाच्या भाड्याने मिळे. दांडीखालून पाय घालून, कैची मारत मी शिकलो. धाकट्या बहिणीने एकदाच हट्ट धरला. परकरात ती चिखलात पडली. आम्ही भावंडे पोट धरून हसलो. तिने पुन्हा कधी हँडलला हात लावला नाही. माझ्या पडण्यावरही सगळे हसले होते, पण दुसऱ्या दिवशी मला सायकल पुन्हा मिळाली. तिला ती कुणी दिली नाही. हा फरक कळायला मला पन्नास वर्षे लागली.

संवत्सरीला आम्ही एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. बहुधा ते सरसकट असते, नाव घेऊन नसते. गेल्या वर्षी मी बहिणीला म्हटले, “ताई, त्या सायकलबद्दल.” ती म्हणाली, “दादा, तू ते विसरला नाहीस?” आणि हसली. मग म्हणाली, “नातीला शिकव. पडली तर हसू नकोस.”

आता रविवारी सकाळी मी नातीच्या सायकलमागे पळतो. ती पडली की हसतेच. मीही हसतो, पण आधी कॅरियर धरून सायकल उभी करतो.