१९७९ : एका वर्षानं बदललेलं जग

टीव्हीवर इराण-अमेरिका वाद किंवा अफगाणिस्तानची बातमी लागली की घरातली मुलं विचारतात, हे सगळं सुरू कधी झालं? बऱ्याच गोष्टींची मुळं १९७९ या एका सालात सापडतात.

जानेवारीत इराणचे शहा देश सोडून गेले. १ फेब्रुवारीला आयातुल्ला खोमेनी तेहरानला परतले आणि दहा दिवसांत राजेशाही संपली. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी तेहरानची अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

२० नोव्हेंबर म्हणजे १ मोहरम १४००. त्या दिवशी फजरच्या नमाजनंतर जुहैमान अल-उतैबीच्या हत्यारबंद टोळीनं मक्केची मस्जिद-ए-हरम ताब्यात घेतली. जिथं शिकारीलाही मनाई, तिथं दोन आठवडे गोळीबार चालला. यामागे अमेरिका आहे, अशी अफवा उठली. ती साफ खोटी होती. पण दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादमध्ये जमावानं अमेरिकी वकिलात जाळली. त्यात माणसं मेली, पाकिस्तानी कर्मचारीही.

डिसेंबरअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. त्या १९८९ मध्ये परतल्या, तोवर लाखो अफगाण बेघर झाले होते.

तेव्हा मोबाइल नव्हते, तरी एका अफवेनं एवढा घात केला. आज फॉरवर्ड करायला एक क्षण पुरतो. म्हणून मुलांना या तारखा सांगाच. आणि हेही सांगा की बातमी कितीही जिव्हारी लागली, तरी आधी तिची खात्री करायची.