रोजची चौफुली

श्रोतेहो, जालना शहरात मंठा चौफुली नावाचा एक चौक आहे. आमच्या मंठ्याहून निघालेली एस. टी. शहरात शिरली की ही चौफुली लागते. लहानपणी अब्बांबरोबर जालन्याला जाताना मी खिडकीतून तिकडे टक लावून बघायचो. चार दिशांना चार रस्ते! मला वाटायचे, माणसाच्या आयुष्यातही अशी एक मोठी चौफुली येत असेल. तिथे तो क्षणभर थांबत असेल, एक रस्ता धरत असेल आणि पुढचे सारे आयुष्य त्या रस्त्यानेच जात असेल.

आता पन्नाशी कधीच मागे पडली. मागे वळून पाहतो तर तशी मोठी चौफुली काही मला आठवत नाही. चौफुल्या आल्या, पण त्या रोज आल्या. लहान लहान, पाटी नसलेल्या. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी बहुतेक वेळा आपल्याला विचारून होतच नाहीत. मी जन्मलो तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि घराची एक वीटही न हलवता आमचा जिल्हा बदलला. शाळेचेही तसेच. अब्बांनी मला मराठी शाळेत घातले ते मराठीच्या प्रेमापोटी नव्हे, ती घराजवळ होती म्हणून. घरात आम्ही दखनी बोलायचो, अब्बांचे लिहिणे-वाचणे उर्दूत आणि माझी पाटी मराठीत. यातले मी काय निवडले? काहीच नाही.

निवड सुरू झाली ती पुढे. बी.ए. झालो, गावातल्याच एका आडत दुकानात मुनीम म्हणून लागलो. दिवसभर तूर, कापूस, ज्वारीचे हिशेब. तेव्हा एक नेम केला. पहाटेची नमाज झाली की दुकान उघडण्याआधी वहीचे एक पान मराठीत लिहायचे. कविता झाली तर कविता, नाही तर कालच्या बाजाराची हकिगत. अब्बा विचारायचे, "पेट भरेगा क्या इससे?" माझ्याकडे उत्तर नसायचे. पण दुसऱ्या पहाटे वही पुन्हा उघडायची की नाही, हे माझ्या हातात असायचे. तीच माझी चौफुली.

एकदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे पोस्टकार्ड आले. कविता आवडली आहे, पण एखादे टोपणनाव घेतलेत तर वाचकांना ती जवळची वाटेल, असा मजकूर होता. भाषा अगदी सौजन्याची होती. दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी कळवले की नाव आहे तेच राहील. कविता छापून आली नाही. पुढे प्रत्येक पाकिटावर पूर्ण नाव लिहिताना तोच प्रश्न पुन्हा उभा राही आणि मी तेच उत्तर देई. हळूहळू प्रश्न विरून गेला. एकदा घेतलेला निर्णय माणसाला घडवत नाही. तोच निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, तेव्हा तो अंगी मुरतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बीजोत्पादनाने सुरुवात केली, १९६४ मध्ये 'महिको' कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या प्लॉटात ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, वाण शुद्ध ठेवायचा तर दुसऱ्या वाणापासून अंतर ठेवावे लागते आणि शेतात पुन्हा पुन्हा फिरून भेसळ झाडे उपटावी लागतात. पेरणीच्या दिवशी कितीही चांगले बी टाकले तरी हे फिरणे चुकले की वाण बिघडतो. ठरवणे म्हणजे पेरणी. त्यानंतरचे फिरणे म्हणजे आयुष्य.

सवयीच्या शास्त्रानेही याला दुजोरा दिला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर फळ खाणे, रोज थोडे पळणे अशी एखादी साधी गोष्ट प्रत्येकाने निवडायची आणि ती रोज ठरावीक वेळी करायची. ती आपसूक, विचार न करता होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. पण माणसामाणसात फरक मोठा होता. कुणाचा हिशेब १८ दिवसांचा, तर कुणाचा तब्बल २५४ दिवसांपर्यंत गेला. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट त्यात आढळली. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून केलेले सारे वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करणे महत्त्वाचे.

आपल्याकडे हे शहाणपण जुनेच आहे. वारकरी त्याला नेम म्हणतो. थोडे असले तरी नित्य केलेले सत्कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, अशी शिकवण आमच्याकडे हदीसमध्ये आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ १६४५ मध्ये मराठीत पूर्ण केला. ग्रंथ एका दिवशी पूर्ण होतो हे खरे, पण लिहावा लागतो ओवीमागे ओवी.

अलीकडचे उदाहरण डॉ. यू. म. पठाण यांचे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात त्यांनी मराठी शिकवले, संतसाहित्याचा आणि महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केला. मराठी बखरींतील फार्सीचा त्यांनी शोध घेतला, त्यावर पुस्तक लिहिले. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मराठीत लिहिणारा मी काही एकटा नाही, हे त्या वर्षी मला उमगले.

पण पठाण सरांचे नाव घेतले की मला माझी चूकही आठवते. त्यांनी एक भाषा धरताना दुसरी सोडली नाही. मी सोडली. उर्दू लिपी शिकायची असे मी दरवर्षी म्हणायचो. रमजान झाला की, सुगी आटोपली की, पुढच्या महिन्यापासून. अब्बा घरातच होते, शिकवायला तयार होते. मी कधी 'नाही' म्हटले नाही. फक्त 'आज नको' म्हणत राहिलो, पंचवीस वर्षे. रोजचे 'आज नको' मिळून शेवटी एक भला मोठा नकार होतो, हे मला अब्बा गेल्यावर कळले.

त्यांच्या पेटीत एक वही निघाली. उर्दूत लिहिलेली. घरातला लिहिणारा माणूस मी, आणि मला बापाची वही वाचता येईना. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी असे मनात आले, पण मन धजेना. मग सेहेचाळिसाव्या वर्षी मोहल्ल्यातल्या उस्तादांपुढे लहान पोरांच्या रांगेत बसलो. अलिफ, बे, पे. रोज संध्याकाळी अर्धा तास. पोरे हसायची. पहिले पान लावून वाचायला मला आठ महिने लागले.

वहीत काही गुपित नव्हते. घरखर्च होता. मीठ, रॉकेल, अम्मीचे औषध. एका पानावर लिहिले होते : अखबार, दोन, तीन रुपये. तारीख पाहिली. माझी पहिली कविता रविवारच्या पुरवणीत आली तो दिवस होता. पुढे पाने उलटत गेलो. जिथे जिथे माझी कविता छापून आली होती, त्या तारखेला तीच नोंद होती : अखबार, दोन. भाव वाढत गेला, पण प्रती दोनच. अब्बांना मराठी वाचता येत नव्हते. आणि ते मला याविषयी कधी एक शब्द बोलले नव्हते.

श्रोतेहो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे काही आपल्या निवडीने होते असे मी म्हणणार नाही. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. वर्षानुवर्षे नेमाने पाणी घातलेली झाडे शेतकऱ्यांना डोळ्यांदेखत तोडावी लागली. त्यात त्यांची काय चूक? दुष्काळ कुणी निवडत नाही, गरिबी निवडत नाही. नेम पाळणाऱ्याला यश मिळतेच असे नाही. मलाही मोठे यश मिळालेले नाही, दोन लहान संग्रह आहेत. पण नेमामुळे माणूस कोण होणार हे ठरते. यश आपल्या हाती नसेल, एवढे मात्र बऱ्याच अंशी असते.

म्हणून मोठ्या संकल्पाची वाट पाहू नका. जे व्हावेसे वाटते त्याचा लहानात लहान तुकडा घ्या, त्याला दिवसातली एक वेळ नेमून द्या आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहा. आणि ज्याला तुम्ही रोज 'आज नको' म्हणता, त्याकडेही एकदा बघा. घरात कुणी म्हातारे माणूस शिकवायला तयार बसलेले असेल, तर आधी त्यांच्याकडे जा.

मी अजूनही पहाटे मराठीचे एक पान लिहितो. संध्याकाळी अब्बांच्या वहीतले एक पान वाचतो. सावकाश वाचतो. अजून बरीच पाने राहिली आहेत.