तांबडा एलईडी आणि स्थिर प्रवाह

एलईडीमधून वाहणारा प्रवाह बराच कमी-जास्त झाला, तरी त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज फारसे हलत नाही. साध्या तांबड्या एलईडीत काही मिलिअँपिअर प्रवाह असताना ते सुमारे १.७ व्होल्ट असते; प्रवाह दुप्पट केला, तरी त्यात जेमतेम चाळीसेक मिलिव्होल्टची भर पडते. त्यामुळे प्रकाशासाठी बनलेला हा भाग स्थिर प्रवाहाच्या सर्किटमध्ये संदर्भ व्होल्टेज म्हणून उत्तम चालतो.

असे सर्किट एक एलईडी, बीसी ५४७सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर एवढ्यात उभे राहते. एलईडी बेस आणि ग्राउंडमध्ये जोडतात व त्याला एका रेझिस्टरमधून पुरवठ्याचा प्रवाह देतात. दुसरा रेझिस्टर एमिटर आणि ग्राउंडमध्ये बसतो. ज्याला स्थिर प्रवाह हवा तो भार कलेक्टर आणि धन टोक यांच्यामध्ये येतो. बेसवर १.७ व्होल्ट कायम राहतात, त्यातले सुमारे ०.६५ बेस-एमिटर जोडावर जातात आणि उरलेले १.०५ व्होल्ट एमिटरच्या रेझिस्टरवर पडतात. तो १०० ओहमचा असेल, तर त्यातून साडेदहा मिलिअँपिअर वाहतात. भारातून जवळजवळ तेवढेच जातात, कारण बेसचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. प्रवाह वाढू लागलाच, तर एमिटरचे व्होल्टेज चढते, बेस आणि एमिटरमधला फरक घटतो आणि ट्रान्झिस्टर स्वतःच प्रवाह आवरतो.

आठ सेलची १२ व्होल्टची बॅटरी उतरत ९ व्होल्टवर आली, असे धरू. ३ व्होल्टचा भार नुसत्या रेझिस्टरने जोडला असता, तर त्याचा प्रवाह एक तृतीयांशाने घसरला असता. या सर्किटमध्ये २.२ किलोओहममधून एलईडीला मिळणारा प्रवाह ४.७ वरून ३.३ मिलिअँपिअरवर येतो, एलईडीचे व्होल्टेज वीस-पंचवीस मिलिव्होल्टने उतरते आणि भाराचा प्रवाह कमी होतो तो फक्त दोनेक टक्के.

पण एलईडीची खरी करामत दिसते ती तापमानात. गरम होताना ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. तांबड्या एलईडीचेही जवळपास तेवढेच घटते. एकातून दुसरे वजा होत असल्याने एमिटरच्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज जागच्या जागी राहते. बेसवर अगदी अढळ १.७ व्होल्ट ठेवले असते, तर २० अंशांच्या वाढीने प्रवाह चार टक्क्यांनी फुगला असता. म्हणजे इथे संदर्भ अचल असण्यापेक्षा तो ट्रान्झिस्टरच्या बरोबरीने सरकणे अधिक मोलाचे ठरते. झेनर डायोड ही सोय देत नाही. शिवाय दोन-तीन व्होल्टचे झेनर आपले व्होल्टेज ठामपणे धरतही नाहीत. निळा किंवा पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास असल्याने तेवढे व्होल्टेज वाया जाते, आणि तापमानाची जुळणीही इतकी चांगली होईलच असे नाही.

ही जुळणी टिकण्यासाठी दोन्ही भाग एकमेकांना चिकटून बसवावे लागतात. तरीही ट्रान्झिस्टर स्वतःच तापू लागला, तर एलईडी मागे पडतो. म्हणून मोठ्या प्रवाहासाठी ही रचना योग्य नाही. भाराखाली निदान दीड व्होल्ट शिल्लक असावे लागतात. एलईडीवर बाहेरचा प्रकाश पडला, तर तो फोटोडायोडसारखा वागतो आणि ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांची १०० हर्ट्झची थरथर संदर्भात शिरू शकते. नाजूक मोजमापाच्या सर्किटमध्ये त्यावर काळी नळी चढवतात.