'रुयत' शब्दाचा अर्थ

अरबी पोथ्यांचीं टिपणें करितांना 'रुयत' या शब्दापुढें 'साक्षात्कार' असें लिहून मोकळें होण्याचा मोह आम्हांसही होत असे. परंतु सुन्नी मतांत रुयत म्हणजे समाधींतील अनुभव नव्हे. परलोकीं श्रद्धावंतांस ईश्वराचें डोळ्यांनीं घडणारें दर्शन होय.

वादाचें मूळ कुराणांतच आहे. ७५ व्या सूरेंत त्या दिवशींचीं तेजस्वी मुखें प्रभूकडे लागलेलीं वर्णिलीं आहेत. ६ व्या सूरेंत तो दृष्टीच्या आटोक्याबाहेर म्हटला आहे. मुअ्तझिला पंडितांनीं दुसरें वचन प्रमाण मानिलें. जें दिसतें त्यास दिशा व देह असावाच लागतो. ईश्वरास तीं नाहींत. पहिल्या वचनांतील 'नजर' धातूचा अर्थ जमख्शरीनें (१०७५–११४४) 'अपेक्षा करणें' असा लाविला. संस्कृतज्ञांस याचें नवल वाटूं नये. 'प्रतीक्षा' हा शब्दही 'ईक्ष्' धातूपासूनच झाला आहे. अशअरी पक्षाचें उत्तर असें कीं, 'इला' म्हणजे 'कडे' हें अव्यय जोडिलें असतां पाहणें हाच अर्थ निघतो. शिवाय पाहणें निराळें, पूर्ण आकळणें निराळें. दर्शन घडेल, कसें, हें विचारूं नये.

हा केवळ शब्दच्छल नव्हता. इ. स. ८४६ मध्यें बंडाच्या आरोपावरून धरलेल्या अहमद इब्न नस्र यांस खलीफा वासिकनें कुराणाची निर्मिति व रुयत यांविषयीं प्रश्न केले, आणि त्यांचा वध केला.

इमामी शियाही हें दर्शन नाकारितात. कुतुबशाहींतील पोथ्या वाचतांना हें ध्यानीं ठेवावें. सारांश, ग्रंथकाराचें मत पाहिल्यावांचून संग्राहकांनीं या शब्दाचा अर्थ लिहूं नये, अशी आमची विनंति आहे.