चौकट : मुखपृष्ठांची नातीगोती

पुनावळ्यातल्या फ्लॅटला पोटमाळा नसतो, त्यामुळे गावाहून आलेलं जुन्या कॉमिक्सचं गाठोडं थेट दिवाणात जातं. ते लावायला काढलंत, तर आधी मुखपृष्ठांचं नातं ठरवा.

जोडचित्रात अंक शेजारी-शेजारी ठेवले की एकाची रेषा दुसऱ्यात पुढे सरकते. ठळक नमुना १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्र. १ चा. जिम ली यांचं एकच दृश्य चार मुखपृष्ठांत विभागलं होतं आणि पाचव्या आवृत्तीच्या घडीच्या मुखपृष्ठावर ते अखंड छापलं. चाहत्याने पाचही घ्यावेत, हा सरळ धंद्याचा हिशेब. ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या.

नायक किंवा चित्रकार तोच असला, तर मुखपृष्ठं फक्त ‘संबंधित’. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, ती त्यांच्या नावाखाली ठेवावीत. मलपृष्ठावर पोस्टरवजा चित्र असे. कात्रीच्या हौसेला बळी पडलेलं हे पान नसेल, तर प्रत ‘अपूर्ण’ लिहा, मग विकणारा काहीही म्हणो.

अमर चित्र कथेत मराठी, हिंदी, इंग्रजी अंकांवर चित्र तेच असेल, तर चित्राची नोंद एक, आवृत्त्यांच्या नोंदी स्वतंत्र.

‘आवाज’ दिवाळी अंकाची खिडकीचित्रं मात्र जोडचित्रांत धरू नयेत. तिथे जोड पानामागच्या पानाशी असते, शेजारच्या अंकाशी नाही.