परसबागेत लावा कोरांटी



दसरा-दिवाळीला झेंडू भरपूर असतो. त्यानंतर तो उतरणीला लागतो आणि मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेला फुले विकत आणावी लागतात. रोपवाटिकेतून हौसेने आणलेली हंगामी विलायती फुलझाडे उन्हे तापू लागली की माना टाकतात. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना फुलझाडांना पाणी कोठून घालायचे, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील बहुतेक घरांत पडतो.

थंडीत फुलणारे, थोड्या पाण्यावर उन्हाळा काढणारे आणि शेजारच्या घरून आणलेल्या फांदीपासून तयार होणारे एक झुडूप आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ते म्हणजे कोरांटी. काटेरी रानझुडूप म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असले तरी परसबागेत त्याला जागा द्यावी.

ओळख व प्रकार

कोरांटी ही अडुळसा व अबोली यांच्या कुळातील आहे. शास्त्रीय भाषेत तिला बार्लेरिया म्हणतात. फूल नळीसारखे असून पुढे पाकळ्या पसरतात. फुलाला वास नसतो. परंतु नळी लांब असल्याने ते हारात गुंफता येते. आपल्या भागासाठी दोन प्रकार सोयीचे आहेत.

१) पिवळी कोरांटी : हिलाच वज्रदंती म्हणतात. दातदुखीवर हिची पाने चघळण्याची जुनी रीत आहे. झुडूप साधारण एक ते दीड मीटर वाढते. पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असल्याने कुंपणालगत लावण्यास उत्तम. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ मात्र लावू नये.

२) जांभळी व पांढरी कोरांटी : हिच्या फांद्यांवर तसे काटे नसतात. फुले जांभळी, गुलाबी, पांढरी किंवा पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली असतात. इंग्रजीत हिला फिलिपाईन व्हायलेट म्हणत असले तरी हे झुडूप मूळचे आपल्याच भागातील आहे. थोडी सावली चालत असल्याने अंगणात किंवा घराच्या पूर्वेकडील भिंतीलगत लावता येते.

दोन्ही प्रकार पावसाळा सरता सरता कळ्या धरतात आणि थंडीत फुलत राहतात. एक फूल फार काळ टिकत नाही. पण रोज नवी फुले उमलतात.

जमीन

कोरांटी पाण्यावाचून सहसा मरत नाही. ती मरते मुळाशी पाणी साचल्याने. औंढा नागनाथ व सेनगाव भागातील मुरमाड, उताराच्या जमिनीत ती सहज येते. वसमत भागातील भारी काळ्या जमिनीत मात्र हळदीला करता तसाच २० ते २५ सें.मी. उंचीचा गादीवाफा करावा आणि मातीत बारीक मुरूम व वाळू मिसळावी.

अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात पेन्स्टेमॉन नावाची नळीदार फुलांची रानझाडे बागेत लावतात. त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. तेथील अनेक जातींना खतावलेली जमीन मानवत नाही, म्हणून त्या खडी-रेतीच्या वाफ्यात लावतात. रानातले फूल बागेत आणताना त्याची मूळची जमीन ध्यानात घ्यावी, हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

रोपे तयार करणे

जून-जुलैमध्ये निरोगी झुडपाच्या अर्धवट पक्व फांद्यांची १५ सें.मी. लांबीची छाट कलमे घ्यावीत. प्रत्येक कलमावर तीन-चार डोळे असावेत. खालची पाने काढून टाकावीत आणि कलमाचा निम्मा भाग माती, वाळू व शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशवीत खोचावा. पिशव्या सावलीत ठेवून माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. तीन ते चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. कलमापासून फुलाचा रंग मूळ झाडासारखाच मिळतो. माळावरील झुडपे उपटून आणू नयेत, फांदी पुरते.

लागवड, खत व पाणी

पाऊस चालू असतानाच ३० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ७५ सें.मी. अंतरावर रोपे लावावीत. दहा मीटर कुंपणाला सुमारे १४ रोपे लागतात. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक झुडपाला दोन ते तीन किलो कुजलेले शेणखत पुरे. युरिया देऊ नये. त्यामुळे पाला माजतो व फूल कमी लागते.

पहिल्या वर्षी पाऊस उघडल्यावर चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे. झुडूप रुजल्यानंतर थंडीत दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी एक बादली पाणी पुरते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी यासाठी वापरावे. धुण्याच्या पावडरीचे पाणी टाळावे. सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला चिकटवू नये.

छाटणी

फूल येणे न येणे छाटणीच्या वेळेवर अवलंबून असते. फुले नव्या फुटीवर लागतात. म्हणून बहर संपल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये झुडूप एक तृतीयांश ते निम्मे छाटावे. पाला कमी राहिल्याने उन्हाळ्यात पाण्याची गरजही कमी होते. जुलैत नव्या फुटीचे शेंडे खुडल्यास फांद्या वाढतात. पोळ्यानंतर मात्र कात्री लावू नये, अन्यथा कळ्याच छाटल्या जातात.

कीड व दक्षता

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास किडकी फांदी कापून नष्ट करावी व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण एक लिटर द्रावण करावे. फवारणी संध्याकाळी करावी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. काही फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात. थोड्या पानांसाठी फवारणी करू नये.

पिवळ्या कोरांटीची वाळलेली बोंडे पाणी लागताच फुटून बी दूर उडते. उत्तर ऑस्ट्रेलियात हेच झुडूप तण म्हणून पसरले आहे. त्यामुळे छाटणीच्या वेळी बोंडे काढून घ्यावीत आणि शेताच्या बांधावर आपोआप आलेली रोपे वेळीच उपटावीत.

येत्या मृगात शेजारच्या गावातून चार फांद्या मागून आणाव्यात. अधिक माहितीसाठी कृषि विज्ञान केंद्र, तोंडापूर (ता. कळमनुरी) किंवा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी येथील उद्यानविद्या विभागाशी संपर्क साधावा.